व्याख्या कुठे थांबते?

'पुढील संज्ञांच्या व्याख्या लिहा' हा प्रश्न नाही अशी विज्ञानाची प्रश्नपत्रिका शोधूनही सापडायची नाही. धडा उघडला की आधी व्याख्या, मग उदाहरणे, मग गणिते हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे एक विशिष्ट तत्त्वज्ञान आहे याचा आपल्याला विसर पडतो. ते तत्त्वज्ञान थोडक्यात असे: एखादी गोष्ट कळणे म्हणजे तिची व्याख्या सांगता येणे, ज्याला व्याख्या सांगता येत नाही त्याला ती गोष्ट कळलेलीच नाही. हे मत शाळेत जन्मलेले नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ते अथेन्समध्ये मोठ्या ताकदीने मांडले गेले. गंमत अशी की ते सर्वात जास्त वेळा अडखळले तेही तत्त्वज्ञानाच्याच अंगणात.

या लेखात आम्ही या मताची तपासणी करणार आहोत. व्याख्या निरुपयोगी असतात असे आमचे म्हणणे नाही. आम्हा संशोधकांचे तर व्याख्येवाचून पान हलत नाही. प्रश्न आहे तो व्याख्येच्या जागेचा. ती ज्ञानाच्या सुरुवातीला असते, मध्ये असते की शेवटी? या प्रश्नाच्या उत्तरावर आपण वर्गात काय शिकवतो आणि परीक्षेत काय तपासतो हे अवलंबून आहे.

सॉक्रेटिसचा आग्रह

प्लेटोच्या 'यूथिफ्रो' या संवादातला प्रसंग पाहा. इ.स.पू. ३९९ मधली गोष्ट. सॉक्रेटिसवर अधर्माचा आरोप आहे आणि त्यासाठी तो न्यायालयाच्या दारी आला आहे. तिथे त्याला यूथिफ्रो भेटतो. हा गृहस्थ चक्क स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आलेला आहे. त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या नशेत एका गुलामाला ठार मारले. वडिलांनी त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकले, आणि पुढे काय करावे याचा निरोप येण्याआधीच तो तिथे मेला. अशा वेळी बापावर खटला भरणे हे धर्माचे की अधर्माचे? यूथिफ्रोला तिळमात्र शंका नाही. सॉक्रेटिस म्हणतो, मग धार्मिकता म्हणजे काय ते मला सांग, म्हणजे त्या मापाने मीही कोणतेही कृत्य मोजून पाहीन.

यूथिफ्रो आधी उदाहरण देतो: मी आत्ता करतो आहे ते. सॉक्रेटिसला उदाहरण नको, सर्व उदाहरणांत सारखे असणारे तत्त्व हवे. देवांना प्रिय ते धार्मिक, असे यूथिफ्रो म्हणतो. पण देवांचे आपसात पटते कुठे? बरे, सर्व देवांना प्रिय ते धार्मिक. मग देवांना प्रिय आहे म्हणून ते धार्मिक, की धार्मिक आहे म्हणून देवांना प्रिय? या प्रश्नाशी यूथिफ्रो अडतो आणि शेवटी कामाची घाई सांगून निघून जातो. व्याख्या मिळत नाही ती नाहीच.

सॉक्रेटिसच्या या आग्रहाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. एखाद्याला आपल्या कृत्याबद्दल पूर्ण खात्री असली की त्याला थांबवून 'कशावरून?' असे विचारणे, हीच तर विज्ञानाची वृत्ती. पण आग्रहात एक गृहीत दडलेले आहे. व्याख्या हाती आल्याखेरीज कोणतेही कृत्य धार्मिक आहे की नाही हे ओळखता येणार नाही, हे ते गृहीत. 'थीएटिटस' या दुसऱ्या संवादात 'ज्ञान म्हणजे काय' असा प्रश्न आहे. थीएटिटस हा तरुण गणिती प्रथम भूमिती, चांभाराची कला अशी ज्ञानाची उदाहरणे देतो. सॉक्रेटिस त्याला चिखलाचा दाखला देतो: चिखल म्हणजे काय असे विचारल्यावर कुंभाराचा चिखल, विटा पाडणाऱ्याचा चिखल अशी यादी देऊन काय उपयोग? पाण्यात कालवलेली माती म्हणजे चिखल, असे सरळ सांगावे.

दाखला चांगला आहे, पण फसवा आहे. चिखलाचे घटक दोन, ते डोळ्यांना दिसतात आणि हाताने वेगळे करता येतात. चिखलाची व्याख्या जमली म्हणून ज्ञानाची, धर्माची, शौर्याचीही तशीच जमेल असे कशावरून? तो संवादही अखेर व्याख्येवाचूनच संपतो.

गाय आणि सोललेली कोंबडी

आपल्याकडे न्यायदर्शनाने हाच विषय अधिक शिस्तीने हाताळला. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात शास्त्राची रीत तीन पायऱ्यांची सांगितली आहे. उद्देश म्हणजे वस्तूचे नाव घेणे. लक्षण म्हणजे तिला इतरांपासून वेगळे पाडणारा गुणधर्म सांगणे. परीक्षा म्हणजे ते लक्षण खरोखर लागू पडते का हे तपासणे. आपण ज्याला व्याख्या म्हणतो ते इथे लक्षण, आणि ते पहिल्या पायरीवर नाही.

लक्षणाचे दोष तीन. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वरील त्याच्याच दीपिकेत ते गाईच्या उदाहरणाने समजावले आहेत. 'तपकिरी रंगाची ती गाय' म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एकच खूर असलेली ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडत नाही; हा असंभव. मग गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे 'सास्ना', हे गाईचे लक्षण मानले गेले. कोणतीही व्याख्या तपासायला ही तीन दोषांची चाळणी आजही पुरेशी आहे आणि आठवीच्या मुलांनाही ती सहज समजते.

ग्रीकांकडेही अशीच एक आख्यायिका आहे. प्लेटोने माणसाची व्याख्या 'पिसे नसलेला द्विपाद प्राणी' अशी केली. तेव्हा डायोजिनिस नावाच्या अवलियाने पिसे उपटलेली कोंबडी आणली आणि हा घ्या प्लेटोचा माणूस म्हणून सर्वांपुढे ठेवली. त्यावर व्याख्येला 'रुंद नखे असलेला' अशी पुस्ती जोडली गेली म्हणतात.

आता एक साधा प्रश्न विचारू. कोंबडी पाहून मंडळींनी व्याख्या का बदलली? ती कोंबडी म्हणजे माणूसच, असे का मान्य केले नाही? कारण कोंबडी माणूस नाही हे सर्वांना आधीच ठाऊक होते. हे ज्ञान व्याख्येतून आलेले नव्हते, कारण व्याख्या तर उलट सांगत होती. अव्याप्ती आणि अतिव्याप्ती यांचेही तसेच. पांढरी गाय हीसुद्धा गायच, हे आधी कळलेले असल्याशिवाय 'अव्याप्ती' हा शब्दच उच्चारता येणार नाही. म्हणजे व्याख्या चुकली हे ज्याच्या बळावर सांगता येते ते ज्ञान व्याख्येच्या अगोदरचे असते. पीटर गीच या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये 'यूथिफ्रो'वरील आपल्या लेखात नेमके या गोष्टीवर बोट ठेवले आणि तिला सॉक्रेटिसचा तर्कदोष म्हटले. उदाहरणे ओळखण्याआधी व्याख्या हवी असा हट्ट धरला, तर व्याख्या तपासायला उदाहरणेच उरत नाहीत.

बंद पडलेले घड्याळ

'ज्ञान म्हणजे काय' या प्रश्नाची पुढची कहाणी बोधप्रद आहे. एखादी गोष्ट खरी असावी, आपला तिच्यावर विश्वास असावा आणि त्या विश्वासाला सबळ आधार असावा. या तीन अटी पुऱ्या झाल्या की ते ज्ञान, अशी व्याख्या पुष्कळांना पटण्यासारखी होती. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून तिला सुरुंग लावला.

त्याची उदाहरणे बाजूला ठेवून आपण बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये वापरलेला बंद घड्याळाचा दाखला शाळेत आणू. भिंतीवरचे घड्याळ काल रात्री बरोबर साडेदहाला बंद पडले. आज सकाळी एका शिक्षिकेने त्यात पाहिले, साडेदहा वाजले असे मानले, आणि योगायोगाने त्या वेळी खरोखरच साडेदहा वाजले होते. गोष्ट खरी आहे. बाईंचा विश्वास आहे. आधारही आहे, कारण आजवर ते घड्याळ बिनचूक चालत आले आहे. तरीही साडेदहा वाजल्याचे बाईंना 'ज्ञान' होते असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

हा पेच आपल्या परंपरेला नवा नव्हता. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात यथार्थ ज्ञानाच्या, म्हणजे 'प्रमे'च्या व्याख्या एकामागून एक घेऊन मोडून काढल्या. एकाने मुठीत कवड्या लपवून किती ते विचारले. दुसऱ्याने उगाच 'पाच' म्हटले आणि पाचच निघाल्या. हे ज्ञान का? दुसरे उदाहरण तर गेटियरच्या अगदी जवळचे आहे. दूर धुके दिसते, त्याला कोणी धूर समजतो आणि तिथे विस्तव आहे असे अनुमान करतो. आणि तिथे विस्तव असतोही. निष्कर्ष खरा, पण वाट चुकीची.

व्याख्येला डाग पडला की ठिगळ लावायचे ही माणसाची रीत आहे. 'आधार खोट्या गोष्टीवर उभा नसावा' अशी चौथी अट घाला, की पाचवे उदाहरण तिला हरवते. १९६३ नंतर पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात अशा ठिगळांचे ढीग पडले. आपल्याकडे चौदाव्या शतकात गंगेशाने 'तत्त्वचिन्तामणी' रचला आणि पुढच्या नव्यन्यायाने लक्षणे इतकी काटेकोर केली की एकेक लक्षण समजून घ्यायला वर्षानुवर्षे अध्ययन करावे लागे. बौद्धिक कसरत म्हणून ती अजोड आहे. पण ज्या गोष्टीची व्याख्या करायची तिच्यापेक्षा व्याख्याच कठीण झाली, तर ती कोणाला काय समजावणार? अखेर २००० साली टिमोथी विल्यमसन या तत्त्वज्ञाने उलटा मार्ग सुचवला: ज्ञान ही कल्पनाच मूलभूत माना, तिचे तुकडे पाडण्याचा नाद सोडा, आणि तिच्या आधाराने विश्वास, पुरावा इत्यादींचा विचार करा.

साखळीचे शेवटचे टोक

विल्यमसनची सूचना पराभवाची कबुली वाटेल, पण गणितात ती रीत जुनी आहे. प्रत्येक शब्दाची व्याख्या दुसऱ्या शब्दांत होते, त्या शब्दांची आणखी तिसऱ्या शब्दांत. ही साखळी एक तर अनंत लांबेल, नाही तर फिरून पहिल्या कडीशी येईल, नाही तर कुठे तरी थांबवावी लागेल. सतराव्या शतकात पास्कालने भूमितीच्या पद्धतीवर लिहिताना हे स्वच्छ सांगितले होते: सर्व शब्दांच्या व्याख्या करणे ही आदर्श पद्धत खरी, पण ती अशक्य आहे. काळ, अवकाश, गती यांची व्याख्या भूमिती करीत नाही, आणि त्यात तिची लाज नाही.

युक्लिडने बिंदू आणि रेषा यांच्या व्याख्या दिल्या होत्या. पण ज्याला भाग नाहीत तो बिंदू, हे वाक्य त्याने पुढे एकाही सिद्धतेत वापरलेले नाही. १८९९ मध्ये डेव्हिड हिल्बर्टने भूमितीची नवी मांडणी केली तेव्हा बिंदू, रेषा, प्रतल यांच्या व्याख्या त्याने केल्याच नाहीत. त्यांचे आपसातले संबंध काय ते फक्त सांगितले. त्यांच्या जागी टेबल, खुर्च्या आणि बिअरचे मग घातले तरी भूमिती तशीच राहिली पाहिजे, असे तो म्हणे अशी आठवण सांगितली जाते.

भौतिकशास्त्रात काय होते ते पाहायला लांब जायला नको. शाळेत आपण शिकवतो: जे जागा व्यापते व ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य. वस्तुमान म्हणजे काय? पदार्थातील द्रव्याचा संचय. द्रव्यासाठी वस्तुमान आणि वस्तुमानासाठी द्रव्य! विद्यार्थी दोन्ही व्याख्या बिनचूक लिहितो, दोन्हींचे गुण मिळवतो, आणि आपण वर्तुळात फिरलो हे त्याच्या लक्षातही येत नाही. असा दोष थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. १६८७ च्या ग्रंथात न्यूटनने द्रव्याचे परिमाण हे घनता आणि आकारमान यांवरून सांगितले. घनता मात्र वस्तुमानावरूनच ठरते, ही त्रुटी अर्न्स्ट माखने १८८३ मध्ये दाखवली. मग दोन वस्तू एकमेकींवर परिणाम करतात तेव्हा त्यांच्या त्वरणांच्या गुणोत्तरावरून वस्तुमान ठरवावे, असा मार्ग त्याने सुचवला. वस्तुमान कसे मोजायचे हे त्याने सांगितले.

किलोग्रॅमचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजे एक किलोग्रॅम अशी व्यवस्था होती. शब्दांची साखळी तिथे संपत होती आणि 'हा बघा' म्हणून बोट दाखवावे लागत होते. २० मे २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकाचे मूल्य निश्चित धरून किलोग्रॅम ठरवला जातो. पण त्यासाठी आधी शंभराहून अधिक वर्षांचे पुंजभौतिकीचे ज्ञान जमवावे लागले. चांगली व्याख्या उशिरा आली, सुरुवातीला नव्हे.

लंगडी आणि भातुकली

व्याख्येच्या आग्रहावर विसाव्या शतकातला सर्वात गाजलेला हल्ला लुडविग विटगेनश्टाइनचा. त्याच्या निधनानंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो विचारतो: सर्व खेळांत समान असे काय आहे? मराठीतच पाहू. कबड्डीत दोन संघ असतात, सागरगोट्यांत नसतात. बुद्धिबळात हारजीत असते, भातुकलीत नसते. लंगडीला अंगमेहनत लागते, पत्त्यांना लागत नाही. शिवाय कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणि सिनेमाचा दुपारी तीनचा खेळ आहेतच. एकाच कुटुंबातील माणसांत कोणाचे नाक कोणाशी जुळते, कोणाची चाल कोणाशी. सर्वांत मिळून एकच समान खूण नसते. खेळांतही असेच कौटुंबिक साम्य आहे आणि तरी 'खेळ' हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो, असे त्याचे म्हणणे.

हे म्हणणे मोकळे करणारे आहे, पण ते जसेच्या तसे स्वीकारायला आम्ही तयार नाही. साम्य कोणत्याही दोन गोष्टींत काढता येते. कुठले साम्य महत्त्वाचे हे सांगितले नाही तर सगळेच एका कुटुंबात जमा होईल. दुसरे असे की, व्याख्या सापडत नाही यावरून ती असूच शकत नाही असे सिद्ध होत नाही. १९७८ मध्ये बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने हे आव्हान उचलले. गरज नसलेला अडथळा आपण होऊन स्वीकारायचा आणि तो पार करायचा स्वेच्छेने प्रयत्न करायचा, हा खेळाचा गाभा असे त्याने मांडले. दोन्ही पाय धड असताना एका पायावर पळायचे ती लंगडी. श्वास घेता येत असताना एका दमात परत यायचे ती कबड्डी. किती नेमके बसते पाहा! भातुकली मात्र या व्याख्येत सहजी बसत नाही. म्हणजे व्याख्येने सर्व खेळ पकडले नाहीत, पण बऱ्याच खेळांविषयी आपल्याला आधी न दिसलेले काही तरी दाखवून दिले. व्याख्येकडून एवढीच अपेक्षा ठेवली तर ती क्वचितच निराश करते.

आम्लांनी काय शिकवले

व्याख्या आणि उदाहरणे यांचे खरे नाते रसायनशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझियेचे मत असे की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी 'आम्ल निर्माण करणारा'. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवले की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नाही.

इथे क्षणभर थांबू. व्याख्या हेच ज्ञानाचे दार असते तर रसायनशास्त्रज्ञांनी म्हणायला हवे होते की, ऑक्सिजन नाही, तेव्हा हे आम्लच नव्हे. तसे झाले नाही. चव आंबट, निळा लिटमस तांबडा होतो, चुनखडीवर टाकले की फसफसते. तेव्हा हे आम्ल नक्की. चुकली ती व्याख्या. उदाहरण टिकले आणि व्याख्या गेली. पुढे १८८० च्या दशकात अर्हेनियसने पाण्यात हायड्रोजनचे आयन देणारे ते आम्ल असे मांडले. पण हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया हे वायू पाण्यावाचून एकत्र आले तरी नवसागराचा पांढरा धूर होतोच. १९२३ मध्ये ब्रन्स्टेड आणि लाउरी यांनी स्वतंत्रपणे प्रोटॉन देणारे ते आम्ल असे म्हटले, आणि त्याच वर्षी लुइसने इलेक्ट्रॉनांच्या जोडीवरून आणखी व्यापक व्याख्या केली. यातली प्रत्येक व्याख्या ही त्या त्या वेळच्या सिद्धान्ताचे सार आहे.

'सजीव म्हणजे काय' हा प्रश्न आज साधारण डेव्हीपूर्व अवस्थेत आहे. वाढ होते तो सजीव म्हणावे तर स्फटिकही वाढतो. प्रजनन करतो तो सजीव म्हणावे तर खेचर बहुधा वांझ असते. विषाणू तर उंबरठ्यावरच बसलेला. कॅरल क्लीलँड आणि ख्रिस्टोफर चायबा यांनी २००२ मध्ये मांडलेला मुद्दा आम्हाला पटतो: रेणूंचे ज्ञान नसताना पाण्याची व्याख्या कितीही घोटून केली असती, तरी पाणी म्हणजे काय हे कळले नसते. आपल्याला माहीत असलेली सारी जीवसृष्टी एकाच गोतातली आहे. एका नमुन्यावरून व्याख्येचा आग्रह धरण्यात घाई आहे.

जिथे रेघ ओढावीच लागते

मग व्याख्येवाचून चालवून घ्यावे का? नाही. काही ठिकाणी थांबता येत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या मतदानाने ठरवली आणि प्लूटोला बटुग्रह म्हटले. प्लूटो त्या दिवशी तसूभरही बदलला नाही. २००५ मध्ये एरिसचा शोध जाहीर झाल्याने जुना शब्द अपुरा पडला होता, म्हणून वर्गवारी बदलली.

प्लूटोचे काय ते होवो. माणसाच्या मृत्यूची व्याख्या मात्र कोणाच्या तरी घरातला प्रश्न असते. पूर्वी श्वास थांबणे, हृदय थांबणे आणि मेंदू थांबणे या गोष्टी काही मिनिटांच्या अंतराने एकत्रच घडत. 'मृत्यू' हा एक शब्द तिन्हींना पुरत होता. कृत्रिम श्वसनयंत्राने ही गाठ सोडवली. मेंदू कायमचा निकामी झालेला, पण यंत्राच्या जोरावर छाती हलते आहे आणि हृदय चालू आहे अशी अवस्था निर्माण झाली. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूवरून मृत्यू ठरवण्याचे निकष सुचवले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि तो ठरवण्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाची आणि ठराविक अंतराने दोनदा तपासणीची तरतूद केली.

ही व्याख्या निसर्गाने आयती हाती ठेवलेली नाही आणि ती मनमानीही नाही. मेंदूचे कोणते काम परत येऊ शकत नाही हे वैद्यकाने शोधून काढले. त्या बिंदूला मृत्यू म्हणायचे हे समाजाने ठरवले. पहिला भाग ज्ञानाचा, दुसरा निर्णयाचा. दोन्हींची सरमिसळ केली तर नातेवाइकांना आपण फसवले गेलो असे वाटते, कारण हाताला ऊब लागत असताना 'व्याख्येप्रमाणे मृत' हे शब्द त्यांना पोकळ वाटतात. त्यांना व्याख्या ऐकवून भागत नाही. काय तपासले, का तपासले आणि काय परत येणार नाही हे समजावून सांगावे लागते.

रेघ माणसाने ओढली, तेव्हा भेदच खोटा, असा उलटा निष्कर्षही काही जण काढतात. तो तितकाच चुकीचा आहे. दिवस कोणत्या क्षणी संपतो हे सांगता येत नाही म्हणून दिवस आणि रात्र एक होत नाहीत. संधिप्रकाश असतो, इतकेच. सीमा धूसर असते, पण मध्य स्वच्छ असतो. शिकवताना सुरुवात मध्यापासून करावी आणि सीमेवर शेवटी जावे.

वर्गात काय करावे

यातून शिक्षकांसाठी निघणारा धडा सरळ आहे. नैयायिकांचा क्रम पाळावा. आधी नाव आणि भरपूर उदाहरणे: ही आम्ले, ही आम्ले नव्हेत. मग मुलांनाच लक्षण बांधू द्यावे. कच्चे असले तरी चालेल. मग परीक्षा: अव्याप्ती कोण दाखवतो, अतिव्याप्ती कोण दाखवतो? सोललेली कोंबडी आणणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये. तो त्या तासाचा सर्वात मोठा मदतनीस असतो. पाठ्यपुस्तकातली व्याख्या सर्वात शेवटी फळ्यावर लिहावी आणि तिला दोन प्रश्न विचारावेत: ही कोणत्या सिद्धान्तावर उभी आहे, आणि ही कोणत्या कामासाठी केली आहे?

परीक्षा पद्धत एका दिवसात बदलणार नाही. 'व्याख्या लिहा' हा प्रश्न राहीलच. पण त्याच्या शेजारी 'या व्याख्येत न बसणारे एक उदाहरण द्या' असा एक प्रश्न घटक चाचणीत घालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. दुसऱ्याचे येत नाही. त्यासाठी ती गोष्ट आधी कळलेली असावी लागते.